बॉयलरचा दाब आणि माणसाचा दाब

१९२३ साली या देशात बॉयलरचा कायदा झाला. ठरावीक मुदतीने बॉयलर तपासावयाचा, तो किती दाब सोसेल याचा दाखला घ्यावयाचा आणि दाखल्यावाचून तो चालवावयाचा नाही, हे त्याचे सार. त्या बॉयलरपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब कोणी मोजावयाचा, याविषयी कायद्यात अवाक्षर नव्हते. साधन नव्हते असे नाही. इटलीच्या रिव्हा-रोची याने १८९६ साली दंडाला बांधावयाची पट्टी काढली होती आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्हने आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची रीत घालून दिली होती.

या साधनाचा एक विलक्षण उपयोग आपल्या लोणावळ्यात झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ सुरू केले. आसनांचा महिमा गाणारे पुष्कळ होते. आसन करणाऱ्याचा रक्तदाब मोजून आकडा लिहून ठेवणारा हा विरळा संन्यासी. सर्वांगासन व मत्स्यासन यांतील रक्तदाबाचे प्रयोग त्यांनी १९२६ साली छापले. पुढच्याच वर्षी, मार्चमध्ये, दौऱ्यावर असलेले गांधीजी कोल्हापुरास आजारी पडले. रक्तदाब वाढलेला निघाला. वय ५७. त्या आजारपणात आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला.

औषधाची वाटही मुंबईवरून गेली. सर्पगंधा आपल्या वैद्यांना ठाऊक होतीच. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. पुढे तिने मन खचते असे आढळले आणि तिची जागा अधिक चांगल्या गोळ्यांनी घेतली. १९६९ साली मुंबईच्याच डॉ. के. के. दाते यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४७ रोग्यांवर शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. कित्येकांची औषधाची मात्रा कमी करता आली. प्रयोग लहान होता, हे विसरू नये. शवासन हे गोळीचे जोडीदार आहे. गोळी सोडण्याचा परवाना नव्हे. आणि दाब चढलेला असताना सर्वांगासन, शीर्षासन करूच नये.

कोलेस्टेरॉलचा इतिहास याहून अलीकडचा. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम गावी १९४८ पासून हजारो माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यातून वाढलेला दाब, वाढलेले कोलेस्टेरॉल व धूम्रपान ही त्रयी हृदयाच्या मुळावर येते, हे उघड झाले. ते उतरवणारे पहिले स्टॅटिन औषध १९८७ साली बाजारात आले.

श्रोतेहो, या दोन्ही दुखण्यांचे कपट एकच आहे. ती दुखत नाहीत. बोट कापले तर कामगार दवाखाना गाठतो. दाब १६० झाला तरी पाळी भरून घरी जातो. १९४८ चा राज्य विमा कायदा आपण मिळवला, १९५४ साली तो मुंबईत लागू झाला. पण दवाखाना येईल त्याला तपासतो, आणि न दुखणारा माणूस तेथे जातच नाही. रात्रपाळीचे जागरण, फाटकावरचा वडापाव, डब्यातले लोणचे-पापड, तंबाखूची चिमूट यांनी वाढलेला हिशेब मग पन्नाशीत एकदम वसूल होतो. घर अर्धांगवायूच्या खाटेशी बांधले जाते आणि पोराची शाळा सुटते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील पुष्कळ गोष्टींशी आमचा झगडा आहे आणि तो चालू राहील. पण चाळिशीपुढील कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करावी, असे त्यांत आहे. म्हणजे बॉयलरला जे १९२३ साली मिळाले, ते माणसाला मिळावयास शंभर वर्षे लागली!

मिळालेले कलम आपोआप कारखान्यात चालत येत नाही. तळेगावच्या कारखान्यांपासून लोणावळ्याच्या हॉटेलांपर्यंत, मावळातल्या प्रत्येक ठिकाणी संघटनेने तीन गोष्टी मागाव्यात. तपासणीत कंत्राटी माणूस सुटता कामा नये. आकडा ज्याचा त्याच्या हाती लेखी द्यावा. आणि आकडा वाढला म्हणून कोणाची नोकरी जाता कामा नये. ही तिसरी मागणी पदरात पडेपर्यंत कामगार दंड पुढे करणार नाही. आणि त्याने दंड पुढे केल्याखेरीज लोणावळ्याच्या त्या जुन्या वह्यांचा धडा त्याच्या कामी येणार नाही.