इंग्लंडमध्ये घर भाड्याने घेताय? आधी त्याचं ईपीसी मोबाईलवर उघडून बघा

आपण फ्रिज घ्यायला दुकानात गेलो की दारावरचे स्टार मोजतो. पाच स्टार म्हणजे वीज कमी खाणार, दोन स्टार म्हणजे बिल जास्त येणार, हे आता घरातल्या आजीलाही माहीत असतं. पण अख्ख्या घराला असे स्टार असले तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये ते खरंच असतात. त्यांना एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, थोडक्यात ईपीसी म्हणतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी फार थोडे जण हे सर्टिफिकेट उघडून बघतात. मीही बघितलं नव्हतं. त्याची किंमत मी एक पूर्ण हिवाळा भरली, म्हणून हा लेख.

माझं काय चुकलं?

2023 च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने मला लीड्सला पाठवलं. पुण्यात बसूनच व्हिडिओ कॉलवर फ्लॅट बघितला. जुनी लाल विटांची इमारत, उंच छत, रस्त्याकडे मोठी खिडकी. फोटोत एकदम भारी. दुसरा एक फ्लॅट त्याच भागात होता, पण त्याचं भाडं महिन्याला 60 पाउंड जास्त होतं आणि दिसायला साधा होता. मी अर्थातच स्वस्त आणि देखणा फ्लॅट घेतला. एजंटने ईमेलला जोडलेल्या बारा-तेरा फाइल्समध्ये ईपीसीसुद्धा होतं. मी फक्त भाडेकरार उघडला.

जानेवारीचं विजेचं बिल आलं 268 पाउंड. एका माणसाचं! तेही दिवसभर ऑफिसमध्ये असणाऱ्या. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला की तिचा पहिला प्रश्न असायचा, "घरात बसून कानटोपी कशाला रे?" हीटर चालू असला की खोली गरम, बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा गार. मीटर बिघडलाय असं वाटून मी तक्रार करायला निघालो होतो. तेव्हा ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "तुझ्या घराचं ईपीसी काय आहे?"

मी त्याच्यासमोरच मोबाईलवर शोधलं. दोन मिनिटांत सगळं उत्तर समोर होतं. मीटर ठणठणीत होता, गळती घरातच होती.

ईपीसी म्हणजे नेमकं काय?

ईपीसी म्हणजे घराचं ऊर्जेच्या बाबतीतलं प्रगतिपुस्तक. घराला गुण मिळतात आणि गुणांवरून ए ते जी असं अक्षर मिळतं:

ए – 92 आणि त्यापुढे
बी – 81 ते 91
सी – 69 ते 80
डी – 55 ते 68
ई – 39 ते 54
एफ – 21 ते 38
जी – 1 ते 20

इंग्लंड-वेल्सच्या घरांची सरासरी 60 गुण, म्हणजे डी, असं सर्टिफिकेटवरच छापलेलं असतं. ही पद्धत तिथे 2007 मध्ये घरविक्रीसाठी सुरू झाली आणि ऑक्टोबर 2008 पासून भाड्याच्या घरांनाही लागू झाली. सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढायचं तर मालकाने ते आधी मागवायला हवं. जाहिरातीत अक्षर दाखवायला हवं आणि भाडेकरूला त्याची प्रत फुकट द्यायला हवी.

गुण कोण देतं? मान्यताप्राप्त असेसर घरी येतो. खोल्यांची मापं घेतो. भिंती, छत, खिडक्या, हीटिंग, गरम पाण्याची सोय, दिवे बघतो, फोटो काढतो आणि ही माहिती ठरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भरतो. तो भिंत फोडून बघत नाही. भिंतीत इन्सुलेशन आहे याचा पुरावा मिळाला नाही, तर इमारत कोणत्या काळातली आहे त्यावरून सॉफ्टवेअर अंदाज धरतं. अशा ओळीपुढे ‘अझ्युम्ड’, म्हणजे ‘गृहीत धरलेलं’, असा शब्द असतो. म्हणून तुम्ही स्वतः घरमालक असाल आणि इन्सुलेशन करून घेतलं असेल, तर त्याची बिलं आणि कागद जपून ठेवा. असेसरला दाखवले नाहीत तर केलेल्या कामाचे गुण मिळणार नाहीत.

मोबाईलवर कसं शोधायचं?

ही सगळी सर्टिफिकेटं सरकारी वेबसाइटवर सर्वांसाठी खुली आहेत. लॉगिन नाही, फी नाही, एजंटची परवानगीही नाही. स्टेप्स अशा:

1. ब्राउझरमध्ये ‘फाइंड ॲन एनर्जी सर्टिफिकेट’ असं इंग्रजीत टाइप करा. ब्रिटिश सरकारची, जीओव्ही डॉट यूके वरचीच लिंक उघडा.
2. ‘राहण्याची मालमत्ता’ या अर्थाचा पर्याय निवडा.
3. घराचा पोस्टकोड टाका. जाहिरातीत पूर्ण पोस्टकोड नसेल तर रस्त्याचं आणि गावाचं नाव टाकूनही शोधता येतं.
4. यादीतून घराचा किंवा फ्लॅटचा नंबर निवडा. एकाच इमारतीत प्रत्येक फ्लॅटचं सर्टिफिकेट वेगळं असतं, त्यामुळे नंबर नीट बघा.
5. मुदतीची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर नव्या भाडेकरूसाठी मालकाला नवं सर्टिफिकेट लागतं.

लक्षात घ्या, ही साइट इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी आहे. स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे आणि तिथले नियमही वेगळे.

अक्षराच्या खाली वाचा

बरेच जण इथेच फसतात. अक्षर बघितलं, "चला, ई आहे, चालतंय" म्हणाले आणि टॅब बंद. खरी माहिती त्या अक्षराच्या खाली असते. माझ्या फ्लॅटचं सर्टिफिकेट असं होतं:

गुण 42, म्हणजे ई. भिंती: भरीव विटांच्या, इन्सुलेशन नाही (गृहीत धरलेलं), शेरा ‘व्हेरी पूअर’. मुख्य हीटिंग: खोलीतले विजेचे हीटर, शेरा ‘व्हेरी पूअर’. वर्षाचा खर्च: साधारण 990 पाउंड.

आता 990 हा आकडा बघून कोणालाही वाटेल की महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी पाउंड, ठीक आहे. पण त्याच्याच शेजारी लिहिलं होतं की हा खर्च 2014 च्या दरांनी काढला आहे, कारण सर्टिफिकेट 2014 सालचं होतं! तेव्हा विजेचा दर माझ्या दराच्या जवळपास निम्मा होता. शिवाय या खर्चात फक्त हीटिंग, गरम पाणी आणि दिवे धरतात. स्वयंपाक, फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप वेगळे.

म्हणून पाउंडांचा आकडा सोडून द्या आणि किलोवॉट-तासांचा आकडा शोधा. किलोवॉट-तास म्हणजे आपण ज्याला वीजबिलावरचं ‘एक युनिट’ म्हणतो तेच. दर वर्षी बदलतात, पण घराची ऊर्जेची भूक तीच राहते. माझ्या सर्टिफिकेटवर हीटिंगला वर्षाला 5,200 आणि गरम पाण्याला 1,900 युनिट होती. एकूण 7,100. तेव्हा वीज साधारण 27 पेन्सला युनिट होती. गुणाकार केला तर वर्षाचे 1,917 पाउंड. छापलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट.

मग मी तो नाकारलेला साधा फ्लॅटही शोधला. सी दर्जा, गॅस बॉयलर, भिंतींना इन्सुलेशन. गॅसचं युनिट तेव्हा साधारण 7 पेन्सला होतं. बॉयलरमध्ये वाया जाणारी उष्णता आणि गॅस जोडणीचा रोजचा स्थिर आकार धरूनही त्या फ्लॅटचा खर्च महिन्याला शंभराहून जास्त पाउंडांनी कमी येत होता. मी भाड्यात 60 वाचवले आणि बिलात शंभरावर घालवले. इंजिनिअरिंगची डिग्री असून हा साधा गुणाकार करायचा राहून गेला.

हे सगळे आकडे अंदाजाचे असतात. घरात सर्वसाधारण कुटुंब सर्वसाधारण पद्धतीने राहतं असं धरून ते काढतात. तुमचं बिल कमी-जास्त येणारच. पण दोन घरांची तुलना करायला हा अंदाज उत्तम.

एक गोष्ट आणखी. हा दर्जा मुख्यतः दर चौरस मीटरला ऊर्जेचा खर्च किती, यावर ठरतो. म्हणून मोठं डी दर्जाचं घर छोट्या ई दर्जाच्या फ्लॅटपेक्षा बिलात महाग पडू शकतं. अक्षरावर विसंबू नका म्हणतो ते त्यासाठीच.

पाच ओळी जरूर बघा

भिंती: ‘सॉलिड ब्रिक’ आणि ‘नो इन्सुलेशन’ एकत्र दिसलं तर सावध. जुन्या व्हिक्टोरियन घरांत हे फार असतं.
छत: वरचा मजला असेल तर माळ्यावरच्या इन्सुलेशनची जाडी बघा. 270 मिलिमीटर चांगलं, 50 म्हणजे नावापुरतं.
खिडक्या: एकेरी काच की दुहेरी?
हीटिंग: गॅस बॉयलर, उष्णता साठवणारे विजेचे हीटर की साधे विजेचे हीटर? साधे हीटर आणि गार भिंती ही जोडी सर्वांत महाग.
तारीख: सर्टिफिकेट जुनं असेल तर पाउंडांचे आकडेही जुने.

कायदा तुमच्या बाजूने कुठे आहे?

1 एप्रिल 2018 पासून इंग्लंड-वेल्समध्ये एफ किंवा जी दर्जाचं खासगी घर नव्याने भाड्याने देता येत नाही. 1 एप्रिल 2020 पासून हा नियम आधीच चालू असलेल्या भाडेकरारांनाही लागू झाला. मालकाला सूट मिळू शकते. उदाहरणार्थ, 3,500 पाउंडांच्या मर्यादेत होणारी कामं करूनही दर्जा ई पर्यंत गेला नाही तर. पण ती सूट सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते आणि ती नोंदवहीही खुली आहे. नियम मोडला तर स्थानिक काउन्सिल मालकाला एका घरामागे कमाल 5,000 पाउंडांपर्यंत दंड करू शकते.

माझा नागपूरचा एक मित्र बर्मिंगहॅममध्ये बायको आणि चार महिन्यांच्या बाळासाठी घर शोधत होता. एका जाहिरातीत अक्षरच नव्हतं. आम्ही पोस्टकोडवरून शोधलं तर एफ निघालं, भिंती आणि छत दोन्हींना तळाचा शेरा. सूट नोंदवलेली दिसली नाही. त्याने एजंटला एवढंच विचारलं, "सुटीची नोंद कुठे आहे?" उत्तर आलं नाही आणि काही दिवसांत जाहिरात गायब झाली. त्याने दुसरं घर घेतलं. गार भिंतींवर ओल धरते, बुरशी येते. लहान बाळ असलेल्या घरात हा प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

विकत घेताना किमान दर्जाची अट नाही. जी दर्जाचं घरही विकता येतं, फक्त सर्टिफिकेट हवं. पण पुढे तेच घर भाड्याने द्यायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. आणि विद्यार्थ्यांसाठी: स्वयंपाकघर-बाथरूम सामायिक असलेल्या घरातली एकच खोली घेत असाल, तर त्या खोलीचं वेगळं ईपीसी सहसा नसतं. पूर्ण घराचं आहे का ते शोधा.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घर विकताना किंवा भाड्याने देताना असं सर्टिफिकेट लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे फ्रिजला स्टार देणाऱ्या बीईईनेच, घरांसाठीही 2019 मध्ये लेबल आणलं, पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे आपल्याकडे वरच्या मजल्याचा स्लॅब किती तापतो आणि पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीला आहे, हे अजून स्वतःच जाऊन बघावं लागतं.

इंग्लंडमध्ये ते बघायला पुण्यातून मोबाईलवर दोन मिनिटं पुरतात. पुढचा फ्लॅट मी तसाच निवडला. फोटोत साधा आहे. आई आता कानटोपीबद्दल विचारत नाही, जेवलास का विचारते.