नऊ ते तीन

पेशवाईतील पुण्याचा एक नियम अनेक ग्रंथांतून नोंदलेला आहे. महार-मांगांनी दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी शहराच्या वेशीच्या आत असू नये. कारण त्या वेळी सूर्य कललेला असतो, माणसाची सावली लांब पडते आणि ती एखाद्या ब्राह्मणाच्या अंगावर पडून तो विटाळण्याची भीती असते. कमरेचा फडा आणि गळ्यातले मडके यांच्याबरोबर हा नियमही आपण शेकडो सभांतून सांगितला आहे. पण सावलीच्या विटाळाबद्दल बोलताना आपण एक साधा हिशेब करायचा विसरलो. नऊच्या आधी नाही आणि तीननंतर नाही, मग उरले काय? उरली भर दुपार. अस्पृश्याने शहरात यायचे ते सूर्य डोक्यावर असतानाच, सावली पायाखाली आलेली असतानाच!

आज सरकारी पत्रके चैत्र लागला की सांगू लागतात, दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, वृद्धांनी तर मुळीच पडू नका. सल्ला चांगलाच आहे. परंतु ज्या तासांना आज आरोग्यखाते मारक म्हणते, तेच तास एका समाजाला धर्माने नेमून दिले होते, ही गोष्ट उन्हाचा इतिहास लिहिणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आलेली दिसत नाही. ऊन सर्वांवर सारखेच पडते असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ऊन सारखे पडत असेल, पण सावली सारखी वाटली गेली नव्हती. पाणी सारखे वाटले गेले नव्हते. आणि दुपारी आडवे होण्याचा हक्क तर कधीच सारखा नव्हता.

उष्णतेशी जुळवून घेणे हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. जुन्या लोकांना उन्हाळा कसा काढावा हे बरोबर कळत होते, असे सांगणारे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून येतात. वाळ्याचे पडदे, माठातले पाणी, कैरीचे पन्हे, ताक, चौसोपी वाड्यातला गारवा. वाचताना बरे वाटते. पण ही कोणाची आजी? ताकासाठी भांडे घेऊन वाड्याच्या मागल्या दाराशी उभी राहणारी म्हातारी या लेखांत कुठेच नाही. वाळ्याच्या पडद्यावर दिवसभर पाणी मारणारा आणि साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढणारा गडीही त्यांत नाही. एकाच्या गारव्यासाठी दुसरा उन्हात उभा, असा तो उन्हाळा होता. गावातला पार, पारावरचा वड किंवा पिंपळ, ही गावाची सर्वांत थंड जागा. तिथे आपल्या म्हाताऱ्यांना टेकण्याची सोय नव्हती. वस्ती गावकुसाबाहेर, बहुधा उघड्या माळाच्या कडेला. झाड असलेच तर एखादी बाभळ.

आपल्या म्हाताऱ्यांनी काहीच शोधले नाही असे नाही. ओले फडके डोक्याला गुंडाळणे, ज्वारीच्या पिठाची आंबील, कांदा, रात्री अंगणात टाकलेली बाज. पण आंबिलीलाही पाणी लागते.

१९०१ सालचा उन्हाळा आठवा. साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेली चार मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांतील एक भीमराव. पुढचा प्रवास बैलगाडीचा. शिदोरी जवळ होती, पण पाणी नव्हते आणि वाटेत कोणी दिले नाही. घास गिळण्यापुरते पाणी नसल्यामुळे मुले अन्न असूनही उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. योगायोग असा की, भारताच्या तापमानवाढीचा हिशेब शास्त्रज्ञ याच १९०१ सालापासून मांडतात. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. एकाच वर्षापासून दोन इतिहास सुरू करता येतात, एक पाऱ्याचा आणि एक तहानेचा. पहिल्याच्या मालिका छापलेल्या आहेत.

बोले ठराव १९२३ चा. महाडचे पाणी १९२७ च्या मार्चचे, म्हणजे कोकणात उन्हाळा लागलेला असताना. त्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांना सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा माणुसकीच्या हक्काचा लढा होता हे खरेच. पण पाणी हे शेवटी शरीरात जाते, आणि त्या सत्याग्रहात दूरच्या गावांहून पायी आलेली वयस्क माणसेही होती, हे आपण प्रतीकाच्या भरात विसरू नये.

आता म्हातारपणाविषयी. वतनदार महाराला निवृत्ती नव्हती. सरकारी टपाल न्यायचे, सारा घेऊन तालुक्याला जायचे, कोणी मेले तर भर उन्हात परगावी खबर पोचवायची. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडताना बाबासाहेबांचे म्हणणे हेच होते की, नेमणूक एकाची असली तरी वेठीला सारे घर धरले जाते. तरुण मुलगा घरी नसला तर काठी टेकत बापाने उठायचे. हे वतन कायद्याने गेले ते १९५८ च्या कायद्यानंतर. वतन गेले, पण म्हातारपणी घरी बसण्याची ऐपत आली नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बसलेल्यांत पांढऱ्या केसांच्या बाया होत्या. मस्टरवर वयाचा रकाना काय म्हणतो याला अर्थ नव्हता. मुकादम ढीग मोजत होता. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी आली, १९७७ चा कायदा झाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागी सावली आणि पिण्याचे पाणी असलेच पाहिजे, असे लिहिले गेले. चवदार तळ्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी मजुराच्या सावलीचा आणि पाण्याचा शब्द देशाच्या कायद्यात आला. किती जागी ते कापड प्रत्यक्ष टांगले गेले, हे त्या कामांवर गेलेल्यांना विचारावे.

म्हातारे शरीर उन्हाला लवकर का हार जाते, हे वैद्यकाने स्पष्ट केले आहे. वयाबरोबर घाम कमी येतो. त्वचेकडे रक्त ढकलण्यासाठी हृदयाला जास्त कष्ट पडतात. तहानेची जाणीवच बोथट होते. शरीर कोरडे पडत असते आणि म्हातारा म्हणतो, मला नको पाणी. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकतात. रात्र गार असेल तर शरीर सावरते. रात्रही तापलेली राहिली तर दिवसाचा ताण उतरतच नाही. इथे आपल्या घरांचा प्रश्न येतो. मातीची भिंत आणि कवेलू जाऊन पत्रा आला, नंतर घरकुलाचा स्लॅब आला. स्लॅब हा आपल्या लोकांच्या मानाचा विषय आहे, त्याची थट्टा मी करणार नाही. पण दिवसभर ऊन प्यालेला स्लॅब रात्री ते खाली सोडतो, आणि त्याच्याखाली निजलेला असतो तो घरातला म्हातारा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वाड्यावर त्या दिवशी यंत्रे घरघरत असतील. पत्र्याखाली त्या दिवशी किती अंश होते याची नोंद हवामान खाते करीत नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. ज्यांच्या पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी नाव घेतले, त्या काळ्या माणसांच्या अमेरिकेत, शिकागो शहरात, जुलै १९९५ च्या उष्ण लाटेने सातशेहून अधिक माणसे नेली. मेलेल्यांत वृद्ध फार होते, एकटे राहणारे फार होते, काळे फार होते. बंद खोल्यांतून प्रेते निघाली. काहींना न्यायला कोणी आले नाही. त्यांना सरकारनेच पुरले. तिथल्या अभ्यासकांना दिसून आले की, सारख्याच गरीब वस्त्यांतही जिथे रस्ते गजबजलेले होते, दुकाने चालू होती, तिथले म्हातारे बाहेर पडले आणि वाचले. जिथे कारखाने उठून गेले, वस्ती ओसाड झाली, तिथले दाराला कडी लावून आत मेले. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हाने मरणे हे पुष्कळदा एकटेपणाने मरणे असते. आपल्या वस्त्यांतून मुले पुण्या-मुंबईला गेली, शिकली, हे आपल्या चळवळीचे यश. मागे राहिलेल्या आईच्या दाराला दुपारी कोण हाक मारतो?

अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, तेव्हा तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेची योजना केली. आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पुढे गरिबांच्या छतांना पांढरा चुना. स्वस्त उपाय आहे आणि उपयोगी आहे. आपल्या राज्यात १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर शासनाच्याच पुरस्कार सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले आणि चौदा जण गेले. व्यासपीठावर मांडव होता.

श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये महिना १००० रुपयांवरून १५०० झाले. ते काढायला म्हातारी बँकेत जाते ती कोणत्या वेळी? बँक उघडते सकाळी, रांग संपते दुपारी. अंगठ्याचे ठसे घासून गेलेले, यंत्र ओळखत नाही, पुन्हा या. पायी गेलेली बाई पायीच परतते. पुन्हा तेच नऊ ते तीन. या वेळी कोणी तिच्या सावलीला भ्यालेले नाही, इतकाच फरक.

आपल्याकडून काय होण्यासारखे आहे? जवळजवळ प्रत्येक वस्तीत आज एक विहार आहे. लोकांनी वर्गणी काढून बांधलेले, पक्के, उंच छताचे, पंखे असलेले. सकाळी वंदना होते, संध्याकाळी वंदना होते, आणि बारा ते चार त्याला कुलूप असते. चौदा एप्रिल उन्हाळ्यात येतो, बुद्ध पौर्णिमा त्याहून कडक उन्हाळ्यात. जयंतीच्या वर्गणीतून दोन रांजण आणि एक सतरंजी सहज येते. छताला चुनाही येतो. वस्तीतल्या एका मुलीने एका वहीत साठीवरच्या माणसांची नावे लिहावीत आणि दुपारी जो आला नाही त्याच्या दारावर थाप मारून यावे. आमच्या वस्तीत गेल्या वर्षी हा विषय बैठकीत निघाला. म्हातारे विहारात निजले तर पावित्र्य राहणार नाही, असे एक सुशिक्षित सभासद म्हणाले. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीने विचारले, "कोनाचं?" बैठक तिथेच थांबली. किल्ली अजून चिटणीसांकडेच आहे.