घाटातला डबल क्लच

एसटीच्या चालकाची पारख प्रवासी वेगावरून करत, आम्ही आवाजावरून करायचो. ठाण्यातल्या खोपटच्या आगारात गाडी वळताना चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असे गिअर उतरत येत, आणि दोन गिअरांच्या मधे इंजिनाची एक छोटी गुरगुर ऐकू येई. ती नेमक्या वेळी आली आणि गिअर न वाजता बसला, की चहाच्या टपरीवर पाठमोरा बसलेला माणूसही कोण आलं ते सांगे.

हल्ली आमच्या सोसायटीतली मोटारवेडी मुलं मोबाइलवर रेसच्या चित्रफिती दाखवतात. चालकाचा उजवा पाय ब्रेकवर असतो, त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरला टपली मारते, आणि गिअर खाली येतो. याला ती रेव्ह मॅचिंग म्हणतात, हील-टो म्हणतात. बघायला मला फार आवडतं. पण ही विद्या रेसच्या मैदानावर जन्मली असं ती समजतात, तेव्हा मला कसारा घाटाच्या उतारावर आयुष्य काढलेले आमचे वस्ताद आठवतात. त्यांच्यासाठी ही हौस नव्हती, भाकरी होती, आणि मागे बसलेल्या पन्नास माणसांचा जीव होता.

गोष्ट सुरू होते ती गिअरपेटीच्या अडचणीपासून. फ्रान्समध्ये पनार आणि लव्हासोर यांनी १८९० च्या दशकात सरकत्या चाकांची गिअरपेटी मोटारीत बसवली. एक दातेरी चाक सरकवायचं आणि दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचं, इतकी ती सरळ होती. दोन्ही चाकं सारख्या गतीने फिरत असली तर दात दातात बसतात, नसली तर करकरतात आणि तुटतात. पुढे चाकं कायम एकमेकांत अडकवून ठेवून नुसते खाचांचे कडे सरकवणाऱ्या पेट्या आल्या, तरी गती जुळवायचं काम चालकाकडेच राहिलं. ठाण्याच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही. चालती लोकल पकडणारा आधी तिच्या बरोबरीने धावतो, मगच दांडा धरतो.

ही बरोबरी साधायची युक्ती म्हणजे डबल क्लच. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची आणि क्लच सोडायचा. आता इंजिन आणि पेटीतला मधला दांडा पुन्हा जोडलेले असतात, म्हणून रेस दिली, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला, की त्या दांड्याचीही गती वाढते. मग पुन्हा क्लच दाबायचा आणि गिअर टाकायचा. नवशिक्याला वाटतं, मधे क्लच सोडायचं कारणच काय? क्लच दाबलेला असताना कितीही रेस दिली तरी ती पेटीपर्यंत पोहोचत नाही, हेच कारण. समजा तिसऱ्यात इंजिन मिनिटाला १२०० फेरे करतंय. त्याच वेगाला दुसऱ्यात त्याला २००० च्या आसपास जावं लागतं. आमच्या पुढ्यात हे फेरे दाखवणारा काटा नव्हता. डाव्या पायाशेजारी इंजिनाचं तापलेलं झाकण होतं, त्याच्या थरथरीवरून आणि कानावरून अंदाज. चालकाशी बोलू नये ही सूचना प्रवाशांना तुसडी वाटे, पण चालक त्या वेळी खरोखरच ऐकत असे.

वरचा गिअर टाकताना रेस द्यायची नाही, थांबायचं. डिझेल इंजिनाचं फ्लायव्हील जड, फेरे सावकाश उतरतात. घाई केली की करकर. वस्ताद आम्हाला रिकाम्या आवारात गाडी फिरवायला लावत आणि स्वतः बाहेर उभे राहून नुसतं ऐकत. हात वर केला की पुन्हा. ते पायांकडे बघत नसत.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी गेली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड, बॉडी लाकडी, आसनं काथ्याची. वाहक केवटे यांच्याबद्दल लोक कौतुकाने लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र राऊतांच्या पायांबद्दल कुतूहल वाटत राहतं. त्या काळच्या बेडफर्डमध्ये चार गिअरांची, सरकत्या चाकांची पेटी असे. पहिल्या दिवशी त्या रस्त्यावर त्यांनी किती वेळा डबल क्लच मारला असेल, याची नोंद कुणी कशाला ठेवेल? पुढे १९५४ पासून टेल्को आणि डाइम्लर-बेंझच्या भागीदारीतल्या गाड्या आल्या, अशोक लेलँडच्या आल्या. लेलँडच्या जुन्या गाड्या मी चालवल्या आहेत. त्या पेट्या दणकट होत्या आणि चालकाला काहीच माफ करत नसत.

खोपटहून नाशिकची गाडी म्हणजे जुना मुंबई-आग्रा रस्ता. भिवंडी, पडघा, शहापूर, खर्डी इथपर्यंत कुणीही गाडी नेईल. कसाऱ्याला लतीफवाडी मागे पडली की परीक्षा सुरू. चढावर गाडी न्यूट्रलला आली की झपाट्याने मंदावते. तेव्हा रेसची टपली थोडी पुरते, पण हात चपळ हवा, नाहीतर तिसऱ्याचा दुसरा करायला गेलेला माणूस पहिल्यावर येऊन थांबतो, मागे मालट्रकांची रांग लागते. म्हणून चांगला चालक इंजिन खोकायच्या आधीच गिअर उतरवतो. वळणापलीकडचा चढ त्याला पाठ असतो.

उताराचा हिशेब वेगळा आणि जास्त कठोर. इगतपुरी सोडून घाटनदेवीला हात जोडले की ठाण्याकडे येणारी गाडी खाली उतरू लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम प्रत्येक वस्तादाच्या तोंडी असे. गाडी इंजिनाने रोखायची, ब्रेक राखून ठेवायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ड्रम तापतात, लायनिंगचा जळका वास येतो आणि पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक लागूनही गाडी थांबत नाही. अशा वेळी उतारावर खालचा गिअर हवा असेल, तर एक क्षण गाडी न्यूट्रलला, म्हणजे मोकळी सोडावी लागते. तो क्षण साधला तर ठीक. नाही साधला तर गाडीचा वेग वाढतो, वाढलेल्या वेगाला इंजिनाचे आणखी फेरे लागतात, आणि दुसरा प्रयत्न पहिल्याहून अवघड होतो, तिसरा त्याहून. घाटाच्या तोंडाशी ‘गाडी न्यूट्रल करू नका’ असे फलक असतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी मोकळी सोडणाऱ्यांना ते बजावतातच, पण मला त्यात न बसलेल्या गिअरचीही भीती दिसते. कल्याणहून माळशेजला जाणारे आणि पनवेलकडे बोरघाट उतरणारे चालक हेच सांगतील. बोरघाटात शिंगरोबाच्या मंदिरात नाणं वाहायची प्रथा आहे. तिथे पैसे टाकणारा चालक देवभोळा असेलही, पण त्याआधी त्याने गिअर लावलेला असे.

मग आमच्याकडे हील-टो का नव्हतं? मोटारवेडी मुलं हे विचारतात आणि प्रश्न चांगला आहे. रेसच्या चालकाला वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक दाबत असतानाच गिअर उतरवायचा असतो. फेरे न जुळवता क्लच सोडला तर इंजिन अचानक मागची चाकं पकडतं आणि गाडी घसरते. म्हणून एकाच पायाने दोन कामं. जुहूच्या धावपट्टीवर पूर्वी शर्यती होत, मद्रासजवळच्या शोलावरमला होत. तिथल्या चालकांना वेळेचा अंश वाचवायचा होता. आमचं शिक्षण नेमकं उलटं होतं: ब्रेक आधी, गिअर नंतर, उतार त्यानंतर. बसचे पॅडलही लांब लांब आणि जड. ज्याला उतारावर ब्रेक आणि रेस एकदम लागली, त्याने वरच विचार करायला हवा होता, असं वस्ताद मानत. दोन्ही विद्यांचं मूळ एक, फेरे जुळवणं. रेसवाला ते वेगासाठी वापरतो, घाटातला चालक वेगापासून वाचण्यासाठी. मला विचाराल तर दुसरं काम जास्त मोठं आहे.

गिअर टाकण्यातली चूक लपत नसे. गिअरपेटीचं ऑइल काढलं की कार्यशाळेतले यांत्रिक ते बोटांवर चोळून उन्हात धरत. त्यात चमकणारा चुरा दिसला की त्या गाडीवर कोण होतं याची चौकशी होई.

गती जुळवायचं काम यंत्राने करावं, हा विचार अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी केला आणि १९२८ मध्ये कॅडिलॅकने त्यांचा सिंक्रोमेश बाजारात आणला. दात भिडण्याआधी एक शंकूच्या आकाराचं कडं घासून दोन्ही गती सारख्या करतं. आपल्याकडे तो तुकड्यातुकड्याने आला. महिंद्राच्या जुन्या जीपला दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो होता, पहिल्याला नव्हता. ॲम्बॅसेडरच्या पहिल्यालाही नव्हता. म्हणून ठाण्यातले जुने टॅक्सीवाले सिग्नलला गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नसत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिच्या पुढच्या चारही गिअरांना सिंक्रो होता, आणि गिअर वाजतो म्हणजे काय हे न कळणारी पिढी गाडी शिकू लागली. बसमध्येही सिंक्रो आला. पण ठेचा खाल्लेल्या गाड्यांची कडी झिजत, आणि मग डबल क्लच येणाऱ्याचीच गाडी मुकाट्याने चालत असे. २००९ मध्ये निस्सानने ३७० झेड या स्पोर्ट्स कारमध्ये गिअर उतरताना स्वतःच रेस देणारी यंत्रणा बसवली. हील-टोची गरजही तिथे संपली.

२०२२ च्या १ जूनला पुणे-नगर याच मार्गावर एसटीची विजेवर चालणारी शिवाई धावली. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या खोपटहून बोरिवली-ठाणे-नाशिक मार्गाच्या ई-बस सुरू झाल्या. त्यांत क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, उतारावर मोटरच गाडी रोखते आणि बॅटरीत वीज परत भरते. पुढच्याच वर्षी जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाला. त्यातल्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टाळून जाता येतं. मी त्या ई-बसमध्ये प्रवासी म्हणून बसलो, आणि नव्या चालकांचे गुडघे सुटले याचा मला मनापासून आनंद आहे. जुन्या लेलँडचा क्लच दिवसभर दुप्पट दाबणं म्हणजे काय, ते आमच्या वयाच्या चालकांना जिने चढताना कळतं.

एवढंच मागणं आहे की ही विद्या पायांबरोबर जाऊ नये. भोसरीच्या प्रशिक्षण केंद्रात सिंक्रो नसलेली एक जुनी पेटी उभी कापून ठेवावी, म्हणजे शिकणाऱ्याला दात आणि खाचा दिसतील. शेजारी एक जुनी बस चालती ठेवावी. आणि ज्यांना अजून जमतं अशा निवृत्त चालकांना वर्षातून एकदा बोलावून, त्यांचे पाय आणि इंजिनाचा आवाज एकाच वेळी टिपून घ्यावा, घाटात, चढाला आणि उताराला वेगवेगळा. खोपट आणि वंदना आगारांचे काही जण नक्की येतील. मी विचारून ठेवलं आहे.