वैनगंगेची नाव आणि 1878 चा कायदा

हिवाळा आला की मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ फिरतात. गोठलेलं तळं, बर्फाला तडा, माणूस आत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पाणी गोठत नाही, पण हिवाळ्यातलं शांत पाणी इथेही माणसं नेतं.

26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला आणि वैनगंगा बराच अंतर दोघांची सीमा बनली. मजुरीला कसली आलीय सीमा? मिरची तोडायचा हंगाम आला की या काठच्या बायका त्या काठच्या शेतात जातात. पूल लांब पडतो, रोजी बुडते, म्हणून नाव. 23 जानेवारी 2024 ला चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ अशीच नाव उलटली. सहा मजूर बायका बुडाल्या. पूर नव्हता, जानेवारी होता.

आता थोडं मागे जाऊ. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, चांदा त्यांच्याकडे गेला. 1878 मध्ये नावघाटांचा कायदा आला. नावात 'उत्तर हिंदुस्थान' होतं, पण तो मध्य प्रांतालाही लागू, म्हणजे आपल्या चांद्यालाही. घाटाचा लिलाव व्हायचा, ठेकेदार उतारूंकडून पैसे घ्यायचा. सरकारचा डोळा महसुलावर होता, असं माझं मत. तरी त्यातच नाव कशी असावी, खलाशी किती, एका फेरीत माणसं-जनावरं किती, याचे नियम करायची तरतूद होती. बेफिकीर नाव हाकली तर शिक्षाही!

पण शेतावर जाणाऱ्या छोट्या नावेवर 'एका फेरीत किती' हा आकडा कोण लिहिणार? आणि छोट्या नावेत तोच जीवनमरणाचा प्रश्न. एक जण उभा राहिला की तोल वर सरकतो, सगळे एका बाजूला झुकले की संपलं. म्हणून तळाशी बसायचं, मधोमध. उलटलीच तर लाकडी नाव सहसा तरंगत राहते, तिला धरून ठेवायचं. भिजलेल्या लुगड्यात पोहणं फार कठीण. काठावरच्याने उडी मारू नये, दोर किंवा बांबू फेकावा. लाइफ जॅकेट नसेल तर झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची कॅन दोरीला बांधून नावेत ठेवा. तीही माणसाला आधार देते.

पुढच्या भागात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोणी खोदले ते बघू.