नाव आणि वास्तू : बऱ्हाणपूरचा एक धडा



ज्या गुरुजनांच्या स्मृत्यर्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांना वंदन करून मी विषयाकडे वळतो. विषय आपल्या परिसरातलाच आहे. बऱ्हाणपूर आणि आसपासच्या काही वास्तूंची नावे, आणि त्या नावांमुळे होणारी आपली दिशाभूल, यांविषयी मी बोलणार आहे. अभ्यासक तवारिखा आणि शिलालेख वाचतो. सामान्य माणसाला मात्र इतिहास प्रथम भेटतो तो नावांतून. तेव्हा नाव हेही इतिहासाचे एक साधन होय, आणि कोणत्याही साधनाप्रमाणे त्याचीही पारख व्हावयास हवी.

आरंभ शहराच्या नावापासूनच करू. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नासिरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास तापीच्या उत्तर तीरावर हे शहर वसविले आणि त्यास सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले. समोरच्या तीरावरील जैनाबाद हे संत जैनुद्दीन यांच्या नावाचे. जैनाबाद हा शब्द ऐकून कोणास जैन वस्तीची कल्पना सुचली, तर ती त्या नावाची फसवणूक होय. हे दोन्ही संत चिरनिद्रा घेत आहेत ते येथे नव्हे, तर वेरुळाजवळील खुलताबादेस. आणि शहर वसले तेव्हा बुऱ्हानुद्दीन यांना जाऊन साठांहून अधिक वर्षे लोटली होती. पुढे मराठी जिभेने ‘बुऱ्हान’चे ‘बऱ्हाण’ केले. नाव तोंडातोंडी कसे बदलते, याचा हा दाखला ध्यानी ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बऱ्हाणपूरची सर्वांत विलक्षण वास्तू जमिनीखाली आहे. लोक तिला ‘खूनी भंडारा’ म्हणतात. मराठी माणसास भंडारा म्हटले की जेजुरीची हळद किंवा जेवणावळ आठवते. येथे त्याचा अर्थ साठा, पाण्याचा साठा. आणि ‘खूनी’ शब्दाने तर कल्पनेस मोकळे रानच मिळते. कोणी येथे हत्या झाल्या असे सांगतो, कोणी पाण्याचा रंग तांबूस होता म्हणून हे नाव पडले असे म्हणतो. अधिक समाधानकारक उलगडा साधा आहे. या योजनेत जमिनीवर ओळीने विहिरींसारखी तोंडे आहेत. त्यांना कुंडी म्हणतात. त्यावरून ‘कुंडी भंडारा’ हे नाव, आणि त्याचाच अपभ्रंश ‘खूनी भंडारा’. अपरिचित शब्दास परिचित शब्दाचे रूप देण्याची लोकभाषेची खोड जुनीच आहे. एकदा ‘खूनी’ हे रूप रूढ झाले की त्याचे कारण सांगणारी गोष्ट आपोआप जन्मास येते. म्हणून अशा ठिकाणी मी गोष्टीवरून नावाचा अर्थ लावण्याआधी, नावावरून गोष्ट रचली गेली काय, हे तपासतो.

या योजनेचा काळ परंपरेने १६१५ हा सांगतात. त्या वेळी बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील स्वाऱ्यांचे मुख्य ठाणे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो येथे येऊन शाहजादा परवेझला भेटला. फौज, जनावरे, बाजार आणि बागा यांना बारमाही पाणी हवे होते. सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पावसाचे पाणी जमिनीच्या पोटातून तापीकडे सरकते. ते वाटेतच भुयारात अडवावयाचे, भुयारास अगदी हलका उतार द्यावयाचा, आणि हवा, उजेड व साफसफाई यांसाठी ठरावीक अंतरावर कुंड्या खणावयाच्या, अशी ही रचना. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच वजनाने शहराकडे येते. इराणात अशा रचनेस कनात म्हणतात.

तिच्या रचनाकाराचे नाव ‘तबकतुल अर्ज’ असे सांगितले जाते. या शब्दांचा अर्थ पाहिला तर तो आहे ‘पृथ्वीचे थर’. हे व्यक्तीचे नाव असण्यापेक्षा विद्येचे किंवा उपाधीचे असणे मला अधिक संभवनीय वाटते. तसे असेल तर कर्त्याचे नाव हरपले, आणि त्याच्या शास्त्राचे नाव त्याच्या जागी येऊन बसले.

दुसरे उदाहरण ‘काला ताजमहाल’ या नावाचे. उतावळी नदीकाठी काळसर दगडाचा हा देखणा मकबरा पाहून प्रवासी म्हणतात, आग्र्याच्या ताजमहालाची ही छोटी नक्कल. पण सनावळी काय सांगते? हा मकबरा शाहनवाजखानाचा. तो अब्दुर्रहीम खानखानान, म्हणजे दोहे रचणारे कवी रहीम, यांचा पुत्र. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावच्या लढाईत त्याने मलिक अंबरच्या फौजेचा पराभव केला आणि अंबरचे खडकी शहर, म्हणजेच पुढील औरंगाबाद, मोगलांनी जाळले. १६१९ मध्ये तो वारला. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ मधला, आणि ताजमहालाचे काम त्यानंतरचे. तेव्हा जो आधी गेला त्याच्या थडग्यास नंतरच्या इमारतीचे नाव मिळाले आहे. ताजमहालाच्या कीर्तीने शाहनवाजखानाचे नाव झाकले गेले, आणि मलिक अंबराशी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाशी, असलेला या वास्तूचा धागाही तुटला.

मुमताजची खरी स्मृती जपणारी जागा जैनाबादेस आहे. तिचे नाव मात्र ‘आहूखाना’. फारसीत आहू म्हणजे हरिण. शाही शिकारीची आणि विहाराची ही जागा. खानजहान लोदीच्या बंडासाठी शाहजहान दक्षिणेत आला असता १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजचा बऱ्हाणपुरास अंत झाला. जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. जिथे नावात ताजमहाल आहे तिथे मुमताज कधीच नव्हती, आणि जिथे ती सहा महिने विसावली त्या जागेच्या नावात हरणे आहेत.

तिसरे उदाहरण मराठी श्रोत्यास विशेष जवळचे. शहराबाहेर तापीकाठी ‘राजा की छत्री’ आहे. कोणता राजा? नाव सांगत नाही. ही छत्री मिर्झाराजे जयसिंगांची. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे हे सेनानी दक्षिणेतून परतताना ऑगस्ट १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास निवर्तले. पुरंदरचा तह आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. पण त्या तहावर ज्यांची मुद्रा उमटली, त्यांची छत्री आपल्या इतक्या निकट आहे, हे ‘राजा’ या मोघम शब्दामागे दडून राहते.

मग ही नावे बदलावीत काय? माझे मत तसे नाही. चुकीचे नावही पुरावाच असते; त्यात लोकांची जीभ, भीती, आवड आणि विस्मरण यांची नोंद असते. ते पुसले तर हा पुरावाही जातो. परंतु नावावर थांबलो तर त्याहून मोठी हानी होते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत ही जलयोजना गेली ती ‘खूनी भंडारा’ याच नावाने. जगास ती माहीत होत आहे, याचा आनंद आहे. तरी जो पाहुणा रक्ताची गोष्ट ऐकण्यास येईल, तो कुंडीत डोकावून परत जाईल. सातपुड्यावरील झाडी आणि मुरणारे पाणी यांवर हा झरा जगतो, उतारावर विहिरी खोल गेल्या किंवा कुंड्या बुजल्या तर तो आटतो, हे त्यास कोण सांगणार? हत्येची दंतकथा कोणाकडूनच काही मागत नाही. कुंडी हा शब्द मात्र देखभाल मागतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एक काम सुचवितो. आपापल्या गावातील ओढा, टेकडी, वेस, विहीर यांची नावे वहीत लिहा. घरातील वडीलधाऱ्यांस विचारा आणि ते उच्चारतात तसेच रूप टिपा. शुद्ध करू नका. शेजारी लोक सांगतात ती कथा लिहा. त्याखाली सनावळीने, शब्दार्थाने किंवा प्रत्यक्ष पाहणीने जे सिद्ध होईल ते वेगळ्या ओळीत नोंदवा. या दोन ओळी एकमेकींत मिसळू न देणे, हीच इतिहासाच्या अभ्यासाची पहिली शिस्त. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमत गेल्या, तर ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या अध्यापनाचे ते उचित स्मारक ठरेल.