स्ट्रोबोटॅकची तबकडी

फिरती वस्तू थांबल्यासारखी दाखवणे ही अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांची युक्ती नव्हे. ब्रसेल्सचे जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नाचे सिमोन श्टाम्फर यांनी १८३२च्या सुमारास फटींच्या चकत्या फिरवून ती साधली होती. एजर्टन यांचे खरे श्रेय शोधायचे, तर दुधाच्या थेंबाचे प्रसिद्ध छायाचित्र बाजूला ठेवून विजेच्या मोटरींचे कागद वाचले पाहिजेत.

१९३१मध्ये त्यांनी एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली ती सिंक्रोनस मोटरवर. भार एकाएकी बदलला की रोटर किती अंश मागे सरतो, हे त्यांना लखलखाटाच्या प्रकाशात पाहायचे होते. म्हणजे लखलखाट हे सुरुवातीपासून मोजमापाचेच साधन होते. केंब्रिजच्या जनरल रेडिओ कंपनीने ते कारखान्यांपर्यंत पोहोचवले.

कंपनीच्या ‘स्ट्रोबोटॅक ६३१’ या लखलखाटी वेगमापकाचे माहितीपुस्तक माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका कागद आहे. त्यातली रचना अशी : कंडेन्सर भारित होतो आणि ठरावीक क्षणी निऑनच्या ‘स्ट्रोबोट्रॉन’ नळीतून रिता होतो. लालसर प्रकाश टिकतो ५ ते १० मायक्रोसेकंद. मिनिटाला १,८०० फेरे घेणारा दांडा एवढ्या वेळात फार तर सुमारे अंशाचा दहावा भाग सरकतो. त्यामुळे दांड्यावरची खूण पुसट होत नाही. लखलखाटांची गती मिनिटाला ६०० ते १४,४०० ठेवता येते आणि तबकडीवर ती थेट फेऱ्यांत वाचता येते.

पण स्थिर दिसणारी खूण फसवूही शकते. १,८०० फेऱ्यांचा दांडा ९०० लखलखाटांतही स्थिरच दिसतो, ६००मध्येही. ३,६००ला मात्र दोन खुणा दिसतात. म्हणून एकच खूण दाखवणारी सर्वांत मोठी गती खरी धरायची. दांडा तबकडीच्या आवाक्याबाहेर पळत असेल, तर वरून खाली येताना लागोपाठ मिळालेल्या दोन स्थिर आकड्यांचा गुणाकार करून त्याला त्यांच्या फरकाने भागायचे : १२,००० आणि ९,००० मिळाले, तर उत्तर ३६,०००. हा हिशेब पाहता हे उपकरण जाणत्या तंत्रज्ञाच्या हातासाठीच घडवले होते, असे मी ठामपणे म्हणेन.

अचूकतेची हमी ९०० फेऱ्यांच्या वर एक टक्क्याची होती, तीही सशर्त. आतली कंप पावणारी पत्ती विजेच्या मुख्य पुरवठ्यावर थरथरे आणि तिच्याशी तबकडी जुळवून घ्यावी लागे. वीजकेंद्राने वारंवारता नेमकी राखली असेल तरच ही हमी लागू होती.