गार्डाच्या डब्याची कुळकथा

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला माणूस सहसा इंजिनापासून सुरुवात करतो. मी उलट्या टोकाकडून केली. मालगाडीच्या अगदी शेवटी लागणारा गार्डाचा डबा करायला घेतला, तोही एकास दहा या प्रमाणात. आपल्या ब्रॉडगेज रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणून माझ्या रुळांतलं १६७.६. वाघिणीचं नवं चाक एक मीटर व्यासाचं, म्हणून माझं दहा सेंटिमीटरचं. एवढं चाक लेथवर सहज निघतं, आणि शिरूर कासारासारख्या गावात काम करायचं तर ही मोठी सोय आहे. लहान प्रमाणातल्या मॉडेलचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. मोठ्या प्रमाणाचं मॉडेल मात्र सागवान, पत्रा, रिव्हेट आणि वेल्डिंग यांवर उभं राहतं, आणि ही चारही कामं तालुक्याच्या गावात होतात.

सिंदफणेकाठच्या या गावात रेल्वे पाहत वाढलेलं कुणी नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर २३ सप्टेंबर २०२२ला आष्टीपर्यंत गाडी आली, १७ सप्टेंबर २०२५ला बीडपर्यंत. आमच्या तालुक्यातलं रायमोहा आता त्या मार्गावरचं स्टेशन आहे. पण सुरू झाली ती डेमू, तिच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन, आणि गार्ड बसतो मागच्या केबिनमध्ये. त्याचा वेगळा डबा तिला लागतच नाही. जो डबा इथल्या मुलांना दिसण्याआधीच मागे पडत चालला आहे, तो आतून-बाहेरून कसा होता हे हाताला कळावं, एवढाच या खटाटोपाचा हेतू.

या डब्याचा जन्म ब्रेकपोटी झाला. सुरुवातीच्या रेल्वेगाड्यांत इंजिनाचा ब्रेक इंजिनापुरता असे, आणि मधले डबे नुसते ओढले जात. गाडी थांबवायची तर चालक शिट्टी द्यायचा आणि शेवटच्या डब्यातला गार्ड हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. मॉडेलमध्ये मी सगळ्यात आधी ते चाकच केलं. चाकाखाली उभा स्क्रू, स्क्रूला तरफ, तरफेला ओढकांब्या आणि शेवटी चाकांवर दाबणारे ठोकळे. माणसाच्या मनगटाचा जोर एवढा वाढवायचा की टनांचं वजन थोपेल. साखळी जोडून झाली की मग कळतं, एका माणसाकडून केवढी अपेक्षा होती ते.

महाराष्ट्रात ही पद्धत आपल्या पिढीपर्यंत टिकली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०७मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीचे रूळ जेमतेम ६१० मिलिमीटर अंतराचे, आणि चढ काही ठिकाणी विसास एक. उतारावर इंजिनाची शिट्टी झाली की डब्यांमध्ये उभे असलेले ब्रेकवाले हाताने ब्रेक लावत. २०१६मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबवली गेली, आणि त्यानंतर तिथे हवेचे ब्रेक आले. मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा बोरघाट १८६३मध्ये खुला झाला, तिथला चढ सदतीसास एक. सुटलेली गाडी वर वळवून थांबवण्यासाठी तिथे चढावर जाणारे वेगळे रूळच टाकून ठेवले होते. आपल्याकडे ब्रेकचा विचार घाटापासून वेगळा कधी करताच आला नाही.

हाताच्या ब्रेकची मर्यादा जगाला दाखवली ती आयर्लंडमधल्या आर्माच्या अपघाताने. १२ जून १८८९ला मुलांनी आणि पालकांनी भरलेली सहलीची पंधरा डब्यांची गाडी पंचाहत्तरास एकच्या चढावर अडली. गाडीचा पुढचा भाग आधी वर नेऊ, उरलेला मग, असं ठरलं. गाडीला निर्वाताचा ब्रेक होता, पण तो आपोआप लागणारा नव्हता. जोडणी सोडली तसा मागच्या दहा डब्यांतला ब्रेक गेला. उरला गार्डाचा हातब्रेक, आणि चाकांखाली टाकलेले दगड. पुढचा भाग निघताना थोडा मागे आला, धक्का बसला, दगड चिरडले गेले आणि डबे उताराला लागले. मागून दुसरी गाडी येत होती. ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला: प्रवासी गाडीला सलग, म्हणजे सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक हवा, आणि गाडी तुटली तर तो आपोआप लागायला हवा. जॉर्ज वेस्टिंगहाउसने अमेरिकेत असा आपोआप लागणारा हवेचा ब्रेक १८७०च्या दशकातच केला होता. शोध होता, सक्ती नव्हती. या एका वाक्यापाशी मी अजून अडतो.

सलग ब्रेक आल्यावर हा डबा जायला हवा होता. तो राहिला, कारण गार्डाला दुसरी कामं चिकटली होती. गाडी मध्येच थांबली की मागे चालत जाऊन मागच्या गाडीला सावध करायला रुळांवर फटाके लावायचे: ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. आसाची पेटी तापून धूर निघतोय का, हे वळणावर डोकं बाहेर काढून पाहायचं. अमेरिकेत याच नजरेपायी डब्याच्या छतावर काचेची खोली आली. १८६३मध्ये वॉटसन नावाच्या कंडक्टरने छतातल्या भोकातून डोकं काढून प्रवास केला आणि तिथून ती सुचली, असं सांगतात. आपल्या डब्याला तशी खोली नाही. आपल्याकडे दोन्ही बाजूंना ओसरी आली, आणि मला तीच जास्त पसंत आहे. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत बसण्यापेक्षा कठड्याला धरून उभं राहणं इथल्या हवेला शोभणारं. मॉडेलमध्येही मी सगळ्यात जास्त जीव ओतला आहे तो या ओसरीच्या कठड्यात.

डब्याच्या पाठीवर एक पाटी असते: एल. व्ही., शेवटचं वाहन. रात्री तिच्या जागी लाल दिवा. स्टेशनमास्तर ती पाटी डोळ्यांनी पाहतो, कारण ती दिसली तरच गाडी पूर्ण आली, मागे एखादी वाघीण तुटून राहिली नाही, असं ठरतं. त्याशिवाय मागच्या गाडीला वाट मोकळी होत नाही. आता चाकं मोजणारी यंत्रं रुळांपाशी बसतात, आणि शेवटच्या वाघिणीला लावलेली पेटी हवेचा दाब थेट इंजिनाला कळवते. जानेवारी २०२२मध्ये गार्डाच्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालं. अमेरिकेत तर १९८०च्या दशकापासूनच हे डबे भराभर गेले.

मॉडेल करताना सर्वाधिक त्रास दिला तो डब्याचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांनी. मापं दहापट कमी केली की वजन हजारपट कमी होतं: खऱ्या डब्याचा एक टन म्हणजे माझ्या डब्याचा एक किलो. पाट्यांचा ताठपणा मात्र फक्त दहापट उतरतो. त्यामुळे हुबेहूब काढलेले पाटे दबतच नाहीत, आणि रूळ जरा वर-खाली झाले की एक चाक अधांतरी राहतं. उपाय साधा आहे. वरचे दोन पाटे पोलादाचे ठेवायचे, बाकीचे रबराचे कापून काळे रंगवायचे, आणि फरशीखाली लोखंडी पट्ट्या भरून वजन वाढवायचं.

लहान प्रमाणाचं काम मला कमी प्रतीचं वाटत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८मध्ये उघडलेलं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहावं. एकास सत्याऐंशी या प्रमाणात तिथे आख्खं शहर धावतं. पण त्या मापात गार्डाचा डबा फक्त पाहता येतो. माणूस बसू शकेल एवढ्या मापाची परंपरा वेगळी. इंग्लंडात सर आर्थर हेवूड यांनी १८७४मध्ये डफिल्ड बँक या आपल्या घराच्या आवारात ३८१ मिलिमीटरची रेल्वे टाकली आणि तिच्यासाठी जेवणाचा आणि झोपायचा डबासुद्धा बांधला. आज तिथल्या सव्वासात इंची छंदी रेल्वेंवर माणसं डब्यांवर बसून फिरतात. अशा गाडीच्या शेवटी अनेकदा खराखुरा गार्ड बसवतात: मुलांचे पाय बाहेर आलेत का पाहायला, हिरवी झेंडी दाखवायला, आणि जोडणी सुटली तर हाताने ब्रेक आवळायला. माझ्या डब्याचा हातब्रेक म्हणूनच शोभेचा ठेवलेला नाही. त्याचे ठोकळे चाकांना लागतात.